जरा सरका, इमारत येत नाहीये

गिरगावात गळ्यात कॅमेरा अडकवून कुठल्याही वाडीच्या तोंडाशी उभे राहा. पाच मिनिटांच्या आत कुणीतरी जवळ येतं, आधी कॅमेऱ्याकडे आणि मग तुमच्या पायांकडे बघतं, आणि विचारतं, "बिल्डरकडून का?" पायांकडे बघण्यामागे शास्त्र आहे. चकचकीत बूट असले तर बिल्डर, धुळीचे बूट असले तर म्हाडा, स्पोर्ट्स शूज आणि पाठीला सॅक असली तर आर्किटेक्चर कॉलेजची पोरं. माझ्या पायांत साध्या चपला असतात, त्यामुळे विचारणारा गोंधळतो. चपला घालून इमारतींचे फोटो काढणारा माणूस कुठल्याच खात्यात बसत नाही.

"असाच काढतोय, हौस म्हणून," हे उत्तर ठाकूरद्वारात कुणाच्या पचनी पडत नाही. असाच म्हणजे कसा? ज्या भिंतीकडे ऐंशी वर्षांत कुणी मान वर करून पाहिलेलं नाही, तिचा फोटो काढायला माणूस सकाळी सात वाजता येतो, तेव्हा त्यामागे चटईक्षेत्र असणारच, अशी इथली धारणा आहे. आणि अनुभवाअंती ती बनलेली आहे, तिला हसण्यात अर्थ नाही.

मग लोकांचे दोन तट पडतात. एक तट तुम्हाला बघून दार लावून घेतो. दुसरा हाताला धरून आत नेतो. "आलाच आहात तर हा पोटमाळा पण घ्या. पहिल्यापासूनचा आहे, आम्ही वाढवलेला नाही. ही गॅलरी पण घ्या. आम्ही ती बंद केलेली नाही, ती आमच्या सासऱ्यांच्या वेळेपासून बंदच आहे." तोवर चहा आलेला असतो. चहा प्यायल्यावर पोटमाळ्याचा फोटो न काढता उठणं माणुसकीला धरून नाही. मी गेलो होतो बाहेरच्या लाकडी कमानी टिपायला. आज माझ्याकडे गिरगावातल्या पोटमाळ्यांचा जो संग्रह झाला आहे, तो महानगरपालिकेच्या दप्तरीसुद्धा नसेल.

हे सगळं मी करत होतो ते भाच्यापायी. तो स्कॉटलंडमध्ये लिन्लिथगो नावाच्या गावात असतो. एडिंबरा आणि ग्लासगोच्या मधे, रेल्वेच्या वाटेवर. म्हणजे नोकरी शहरात आणि हवा गावातली, आपल्याकडे लोक बदलापूरला जायचे तसं. गावात एक तळं, तळ्याकाठी छप्पर उडालेला राजवाडा. त्याच राजवाड्यात १५४२ साली स्कॉटलंडची राणी मेरी जन्मली. शेजारी सेंट मायकेलचं जुनं दगडी चर्च, आणि त्याच्या मनोऱ्यावर १९६४ साली बसवलेला अ‍ॅल्युमिनियमचा मुकुट. भाचा सांगतो, तेव्हा म्हणे गावात बरीच धुसफूस झाली. आमच्या चाळीतल्या निम्म्या गॅलऱ्यांना अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या बसून जमाना झाला, पण त्या बघायला अजून कुणी गाइड घेऊन आलेलं नाही.

भाचा दर रविवारी त्या गावातून कॅमेरा घेऊन फिरतो आणि फोटो घरच्या ग्रुपवर टाकतो. हाय स्ट्रीट, दगडी घरं, विहीर, राजवाड्याची कमान. सगळं धुऊन पुसून ठेवल्यासारखं. पण फोटोत माणूस नाही. एका फोटोच्या कडेला एक म्हातारा आणि त्याचा कुत्रा होता, तर भाच्यानं खाली खुलासा लिहिला, की ते गृहस्थ फ्रेममध्ये आल्याबद्दल "सॉरी" म्हणून भिंतीकडे सरकले. माझ्या बहिणीनं ते सगळे फोटो नीट पाहिले आणि पोटच्या पोराला विचारलं, "तिकडे कर्फ्यू लागलाय का रे?"

आणि एक दिवस त्याचा निरोप आला. "मामा, छोटीच्या शाळेत प्रत्येकानं आपल्या मूळ गावाची ओळख करून द्यायची आहे. तू ठाकूरद्वारचे पाच-सहा फोटो पाठव ना. रस्ते आणि जुन्या वास्तू. फक्त माणसं नकोत, क्लीन फ्रेम हवी."

ठाकूरद्वार, आणि माणसं नकोत. अरबी समुद्राचा फोटो काढ, पण पाणी नको, असं म्हणाला असता तर निदान ओहोटीची वाट बघता आली असती.

तरी मी कामाला लागलो. रविवारची पहाट गाठली. हिशेब असा, की शनिवारी रात्री जागलेलं गिरगाव रविवारी उशिरा उठेल. पण ठाकूरद्वार नाक्यावर जागं होणं नावाचा प्रकारच नाही, पाळ्या बदलतात फक्त. दूधवाले आवरतात तोवर पेपरवाले बसतात, ते उठेपर्यंत फुलांच्या टोपल्या येतात, आणि त्या सगळ्यांना ओलांडून माकडटोप्या घातलेली ज्येष्ठ मंडळी चौपाटीकडे निघतात. मी कॅमेरा डोळ्याला लावला की हे सगळे थांबायचे. पुढे जात नाहीत, मागे जात नाहीत. सभ्य माणसं, फोटो खराब होऊ नये म्हणून फोटोतच थांबून राहतात.

एक आजोबा जवळ आले. "काय पाडतायत?"

"पाडत नाहीयेत. फोटो काढतोय."

"कशाचा?"

"ही समोरची इमारत. त्या कमानी बघा, ते लाकडी टेकू बघा."

आजोबांनी त्या इमारतीकडे आयुष्यात पहिल्यांदाच बघितल्यासारखं बघितलं. "आता कशाला काढता? काढायचा तर पंचाहत्तर साली काढायचा. तेव्हा बघण्यासारखी होती."

गिरगावातल्या प्रत्येक वास्तूच्या फोटोची योग्य वेळ टळून गेलेली असते. आजोबांच्या मते पंचाहत्तर साल योग्य होतं, त्यांच्या सोबतच्या गृहस्थांच्या मते ट्राम होती तोवर खरी मजा होती. ट्राम मुंबईतून ३१ मार्च १९६४ला कायमची गेली, म्हणजे त्या हिशेबानं मी जन्मायच्या आतच उशीर केला होता. मग तळमजल्यावर आधी कोणाचं दुकान होतं यावरून दोघांत वाद लागला. एक म्हणे छत्र्यांचं, दुसरा म्हणे ट्रंकांचं. वाद मिटेना म्हणून ते तिसऱ्याला बोलवायला गेले. मी तेवढ्यात दोन फोटो उरकले, पण त्या दोन्हींत लांब जाणारी एक माकडटोपी आहे.

त्याहून मोठा धोका मदत करणाऱ्यांचा. नाक्यावर एक गृहस्थ भेटले, पायजमा आणि बनियन, हातात पावाची पिशवी. माझी अडचण त्यांना कळली आणि त्यांनी सूत्रं हाती घेतली. भर रस्त्यात उतरून त्यांनी टॅक्सी अडवली, "ए, थांब जरा, साहेब फोटो काढतायत." सायकलवाल्याला मागे घेतला. एका कुत्र्याला बोलून बाजूला केलं. क्षणभर, खरोखर क्षणभर, जगन्नाथ शंकरशेट मार्गाचा तो तुकडा रिकामा झाला. फक्त ते स्वतः, एक हात आडवा धरून आणि दुसऱ्या हातानं मला "घ्या, घ्या" अशी खूण करत, रस्त्याच्या मधोमध उभे. माझ्या त्या सकाळच्या सगळ्या फोटोंत पावाची पिशवी आहे. ती झूम करून पाहिली तर आत कडक पाव आहे, हेही दिसतं. लेन्सची गुणवत्ता वादातीत आहे.

छायाचित्रणाच्या पुस्तकांतून सांगतात, की सूर्य उगवल्यानंतरचा आणि मावळण्याआधीचा तास सोन्याचा. ती पुस्तकं लिहिणारे सपाट प्रदेशातले असावेत. आमच्या गल्ल्या इतक्या चिंचोळ्या आणि इमारती इतक्या उंच, की ऊन खाली उतरतं ते भर दुपारी, आणि वाळत घातलेले कपडे बघून परत वर जातं. सूर्यास्तानंतरच्या निळ्या प्रकाशाचंही तसंच. तो म्हणे जेमतेम वीस-पंचवीस मिनिटं टिकतो. गिरगावातला निळा रंग जूनच्या पहिल्या आठवड्यात येतो आणि नवरात्रापर्यंत राहतो, कारण तोवर प्रत्येक कौलारू छपरावर ताडपत्री असते. उरलेली दर्शनी बाजू वाढदिवसाच्या फ्लेक्सनी झाकलेली. शंभर वर्षांच्या कोरीव कठड्यावर एका भावी नगरसेवकाचं हसू, आणि त्याखाली शुभेच्छुकांचे गोल गोल चेहरे. माणसं नकोत म्हणणाऱ्या भाच्याला मी काय सांगणार? इथे रस्त्यावरची माणसं बाजूला केली तरी भिंतीवरची चाळीस उरतात.

देवळांकडे वळलो. ठाकूरद्वारच्या आसपास रामाची टंचाई नाही. काळा राम आहे, गोरा राम आहे, झावबाचा राम आहे. भाच्याला फोटो पाठवायचा तर कुठला राम पाठवू, या विचारात मी फणसवाडीत शिरलो. या एवढ्याशा गल्लीत काय काय आहे ते बाहेरच्याला सांगून खरं वाटत नाही. दक्षिणेतून उचलून आणल्यासारखं गोपुर असलेलं बालाजीचं देऊळ. तिथून जवळच दादीशेठ आतशबेहराम, १७८३ सालची, मुंबईतल्या आतशबेहरामांत सर्वांत जुनी. आणि कोपऱ्यावर विनय हेल्थ होम, जिथल्या मिसळीसाठी बोरिवलीची माणसं लोकलनं येतात. देवळाच्या आत कॅमेरा चालत नाही. आतशबेहरामच्या आत पारशी नसलेला माणूसच चालत नाही. मिसळीला मात्र कसलीच आडकाठी नाही. म्हणून इंटरनेटवर फणसवाडी शोधा, अडीचशे वर्षांचा वारसा दिसतो तो फरसाण आणि तर्रीच्या स्वरूपात.

मग केशवजी नाईक चाळ. मुंबईतला पहिला सार्वजनिक गणेशोत्सव इथे १८९३ साली सुरू झाला, १९०१ साली लोकमान्य इथे येऊन बोलले. इतका इतिहास घडला म्हटल्यावर फोटोत काहीतरी दिसायला पाहिजे ना? दिसते एक चाळ. कठडे, जिने, वाळवण, सायकली. गणपतीच्या दिवसांत गर्दी असते तेव्हा ती उत्सवाची वाटते, एरवीच्या मंगळवारी दुपारी ती फक्त चाळ असते आणि कुणीतरी वरून विचारतं, "कोण पाहिजे?" आता यावर "लोकमान्य" असं उत्तर देता येत नाही. इंग्रजांच्या वास्तू फोटोत देखण्या येतात, कारण त्या दिसण्यासाठीच बांधलेल्या होत्या. आपल्या लोकांनी मोठी कामं केली ती दोन खोल्या आणि मधल्या पॅसेजात. हे काही कॅमेऱ्यात पकडता येत नाही, आणि म्हणून आपण मग चौपाटीवर जाऊन विल्सन कॉलेजचा फोटो काढतो. मीही काढला. उंच निमुळतं छप्पर, टोकदार कमानी. भाच्याला म्हटलं, हे घे, तुमच्या स्कॉटलंडमधल्या जॉन विल्सननं १८३२ साली शाळा काढली, तिचं हे कॉलेज, इमारत १८८९ची. त्याचं उत्तर आलं, "मामा, असली इथे प्रत्येक गल्लीत आहेत."

खरं म्हणजे फोटो या विषयात गिरगावकरांना कुणी काही शिकवायला नको. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये १८५५ साली फोटोग्राफीचा वर्ग निघाला, तिथे हरिश्चंद्र चिंतामण शिकले आणि पुढे मुंबईत नामवंत फोटोग्राफर झाले. वॉटसन हॉटेलात ७ जुलै १८९६ला ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं दाखवली, ती पाहून सावेदादांनी, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकरांनी, विलायतेहून कॅमेरा मागवला. आणि ३ मे १९१३ला गिरगावातल्या कॉरोनेशन थिएटरात फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' लागला. तिन्ही ठिकाणी हरिश्चंद्र. सत्याशी इतकं घट्ट नातं असलेल्या धंद्याचं पुढे भाच्याच्या फोनमध्ये काय झालं, ते येईलच.

यातले सावेदादा मला विशेष आपले वाटतात. हातात नवं यंत्र, अख्खी मुंबई समोर, आणि त्यांनी १९०१च्या डिसेंबरात काय टिपलं? केंब्रिजला गणितात पहिले येऊन परतलेल्या रँग्लर परांजप्यांचा चौपाटीवरचा सत्कार. हिंदुस्थानातल्या अगदी सुरुवातीच्या बातमीपटांतला हा एक. दुसऱ्या कुठल्या देशात पहिला मान राजाच्या स्वारीला मिळाला असेल, आगगाडीला मिळाला असेल. आमच्याकडे गणितात पैकीच्या पैकी मिळवलेल्या मुलाला मिळाला. त्या गर्दीतल्या प्रत्येक बापानं घरी जाऊन पोराला काय ऐकवलं असेल, याची चित्रफीत कुणी काढली नाही, आणि काढायची गरजही नाही. ते बोलणं अजून चालू आहे.

आता कॉरोनेशन नाही. 'आलम आरा' १४ मार्च १९३१ला जिथे लागला, म्हणजे हिंदी चित्रपट जिथे पहिल्यांदा तोंड उघडून बोलला, ते मॅजेस्टिक सिनेमाही नाही. तिथे मॅजेस्टिक शॉपिंग सेंटर आहे. मी त्याचाही फोटो काढला. तिथल्या वॉचमननं विचारलं, "बिल्डर?"

खोताची वाडी मात्र फोटोत हमखास देखणी येते, आणि तेच तिच्या मुळावर आलंय. खोत नावाच्या पाठारे प्रभूंची ही जमीन. त्यांनी ईस्ट इंडियन कुटुंबांना भूखंड दिले आणि बाहेरून जिना, पुढे ओटा, वर लाकडी बाल्कनी अशी घरं उभी राहिली. एकेकाळी पासष्ट होती म्हणतात, आज निम्मीही उरलेली नाहीत. मी गेलो त्या सकाळी एका निळ्या दाराशी एक नियोजित वधू टाचांच्या चपलांत उभी होती, नियोजित वर तिच्याकडे नियोजित नजरेनं बघत होता, आणि तिसरा एक जण हातात चांदीच्या कागदाचा पंखा घेऊन प्रकाश फेकत होता. दार उघडून घराच्या बाई बाहेर आल्या. हातात कचऱ्याचा डबा. जोडपं जराही हललं नाही. बाईंनी डबा ठेवला, "गुड मॉर्निंग" म्हणाल्या, आणि आत जाऊन दार लावून घेतलं. रोजचा सराव दिसत होता. मागे रांगेत अजून एक जोडपं थांबलेलं होतं.

पाडव्याच्या शोभायात्रेविषयी फार लिहीत नाही. नऊवारी नेसून, नथ घालून, गॉगल लावून मुली बुलेटवर निघतात, आणि एकेका बुलेटमागे दहा-बारा कॅमेरे मागच्या मागे उलटे चालत असतात. दुभाजकावर, टपरीवर, दुसऱ्याच्या खांद्यावर. "ताई, इकडे! ताई, गॉगल वर!" गेल्या काही वर्षांत मी त्या गर्दीत यात्रा पाहिलेली नाही; माझ्या पुढच्या माणसानं डोक्यावर धरलेल्या कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहिली आहे. दिसते छान.

आमचं दुखणं निराळं आहे. चर्नी रोडच्या रुळांपलीकडे गेलं की मरीन ड्राइव्हच्या त्या गोलाईच्या इमारती लागतात. २०१८पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत. त्यांच्यासाठी सहली निघतात, माहिती सांगायला पांढरा कुर्ता घातलेले लोक असतात. रुळांच्या अलीकडे आम्ही. आम्हीही यादीत असतो, नाही असं नाही. दर वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर म्हाडाचं मंडळ उपकरप्राप्त इमारतींतल्या अतिधोकादायक इमारतींची यादी जाहीर करतं. ज्याला जुन्या मुंबईचे फोटो काढायचे असतील त्यानं युनेस्कोच्या मागे लागू नये, ही यादी खिशात ठेवावी. पत्ते बिनचूक असतात, आणि वास्तू किती दिवस थांबणार आहे याचाही अंदाज येतो. मध्यंतरी मेट्रोच्या पत्र्यांआड अख्खं गिरगाव काही वर्षं दिसेनासं झालं होतं. ऑक्टोबर २०२५मध्ये भुयारी गाडी सुरू झाली आणि पत्रे निघाले, तेव्हा लोकांनी आधी काय केलं? सरकत्या जिन्याबरोबर फोटो काढले. वरच्या कमानींकडे पाठ करून. मला त्यात काही गैर वाटत नाही. तीस वर्षं लाकडी जिना चढलेल्या गुडघ्यांना विचारा, प्रेक्षणीय काय ते.

शेवटी मी हार न मानता आमच्याच चाळीचा फोटो काढला. समोरच्या इमारतीच्या गच्चीवरून, सकाळी दहाच्या सुमारास. चार मजले, सलग गॅलऱ्या, लाकडी कठडे. दुसऱ्या मजल्यावर काकू साडी वाळत घालताहेत. तिसऱ्यावर एक जण दात घासतोय. तळमजल्यावर शिंपीदादांचं दुकान, वर पाटी. वायरी, ताडपत्री, खाली दोन टॅक्सी. भाच्याला पाठवला आणि लिहिलं, "याहून क्लीन ठाकूरद्वारात होत नाही."

दीड तासानं त्याचं उत्तर आलं. फोनमध्ये हल्ली एक सोय असते. बोट फिरवलं की नको ते पुसलं जातं आणि तिथे भिंत उगवते. त्यानं टॅक्सी पुसल्या. वायरी पुसल्या. ताडपत्री, फ्लेक्स, टूथब्रश, शिंपीदादांची पाटी, साडी आणि साडीमागच्या काकू. राहिली एक शांत, सुंदर, रिकामी इमारत. "बघ मामा, काय ग्रेसफुल स्ट्रक्चर आहे!"

दीडशे वर्षांपूर्वी विल्यम जॉन्सन नावाच्या छायाचित्रकारानं मुंबईच्या निरनिराळ्या जातिजमातींचे फोटो दोन खंडांत छापले, १८६३ आणि १८६६ साली. माणसांचे फोटो वेगळे, मुंबईतल्या जागांचे वेगळे; मग माणसं कातरून त्या देखाव्यांपुढे चिकटवली. त्या साहेबाला माणसं आणून चिकटवावी लागली, आणि आमच्या पोराला ती खरवडून काढावी लागतात. एवढी प्रगती पुरे होती. पण माझ्या बहिणीला तो फोटो फार आवडला, आणि तिनं तो चाळीच्या ग्रुपवर टाकला.

पहिली पाच मिनिटं अंगठे आले, हात जोडलेले आले. मग काकूंचा संदेश. "मी कुठे आहे?"

कुणी उत्तर देईना. पुन्हा काकू. "मी सकाळी तिथेच होते. माझी साडी पण होती. मोरपंखी."

शिंपीदादांनी फोटो मोठा करून पाहिला असावा. "माझं दुकान दिसत नाही. पाटी काढली का?" लगेच तिसऱ्या मजल्यावरून, "सर्व्हे झाला का? मीटिंग न घेता?" चौथ्या मजल्यावरून, "मी बोललोच होतो." हे चौथ्या मजल्यावरून सगळ्याच प्रसंगी येतं. सेक्रेटरींनी लिहिलं, फोटो केवळ कलात्मक आहे, घाबरू नये. त्यानं जास्तच घबराट उडाली. दहा वर्षं पुनर्विकासाच्या नुसत्या बैठकाच झालेल्या चाळीत कलात्मक हा शब्द पहिल्यांदाच आला होता, आणि बिल्डरच्या पत्रकावर असाच एक रिकामा, पुसट निळसर आकाशातला फोटो असतो, हे सगळ्यांना माहीत होतं. रात्री काकू स्वतः आल्या. बसल्या नाहीत.

"हे बघा, भाडं मी भरते. पावती माझ्या नावावर आहे, यांच्यानंतर बदलून घेतली आहे. उद्या कुणी हा फोटो पुढे केला आणि म्हणालं, की या खोलीत कुणी राहतच नव्हतं, तर? पुसून टाकलं म्हणे. असं कसं पुसतात?"

मी स्कॉटलंडला व्हिडिओ कॉल लावला. भाच्यानं काकूंची माफी मागितली. तिकडे दुपार होती, मागे ते तळं दिसत होतं. काकूंनी माफी स्वीकारली, जेवलास का विचारलं, आणि निर्णय सांगितला: नवीन फोटो निघेल. सगळ्यांसकट.

रविवारी दहाला नोटीस लावून फोटो झाला. मी पुन्हा समोरच्या गच्चीवर. प्रत्येक बिऱ्हाड आपापल्या दारापुढे, चांगल्या कपड्यांत, काकू मोरपंखीतच. ज्यांची मुलं ठाण्याला आणि विरारला गेली होती तीही त्या दिवसापुरती खोलीत परतली होती, जास्तीत जास्त हक्कानं. सेक्रेटरींच्या सूचनेवरून प्रत्येकाच्या हातात भाडेपावती, छातीशी, छापील बाजू पुढे. चारही मजल्यांवर इतकी माणसं झाली, की कठडे, कमानी, लाकूडकाम, काहीच दिसेना.

मी ओरडलो, "जरा सरका, इमारत येत नाहीये!"

कुणीही सरकलं नाही. आपल्या दारापासून सरकणं म्हणजे काय, ते तिथे प्रत्येकाला ठाऊक होतं.

तोच फोटो लिन्लिथगोच्या शाळेत भिंतीवर लागला. बाईंना फार आवडला म्हणे. त्यांनी छोटीला विचारलं, या सगळ्यांच्या हातात कागद कसले आहेत, काही सण आहे का? मग भाच्यानं शाळेत जाऊन स्कॉटिश बाईंना पागडी पद्धत समजावून सांगितली. भाडं, हस्तांतर, मालकाचा हिस्सा, कार्पेट एरिया. बाई सगळं ऐकून म्हणाल्या, फारच गुंतागुंतीचं आहे, पण इमारत सुंदर दिसते.

हे मी काकूंना जाऊन सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या. हात थांबवून म्हणाल्या, "त्या बाईंना म्हणावं, मागची मोरी पण आमच्याकडेच आहे. ती फोटोत आलेली नाही."